दुसरा नमुना

पाच मिनिटं झाली तशी मयुरीनं पुष्पाबाईच्या खालच्या पापणीत अडकवलेली कागदाची पट्टी अलगद काढली, खिडकीच्या उजेडात धरली आणि पट्टीवरच्या बारीक रेघांवरून नखाचं टोक फिरवत म्हणाली, "दोन." जीवराम पुढच्या आकड्याची वाट पाहत राहिला. दोनवर एखादं माप थांबू शकतं यावर त्याचा विश्वासच नव्हता. चाळीस वर्षं त्यानं जिनिंगच्या फाटकात उभं राहून कापसाची चिमूट दोन अंगठ्यांत ओढली होती आणि धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये सांगितली होती. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस या तीन घरांत त्याची सगळी हयात गेली होती. दोन मिलिमीटर म्हणजे धागा नव्हे, झाडून टाकायचा कचरा. "दोन काय?" त्यानं विचारलं. "दोन मिलिमीटर, काका. कागद एवढाच भिजला." मयुरीनं डाव्या डोळ्यातली पट्टी काढली. ती तीनवर थांबली होती. पुष्पाबाई पदराच्या टोकानं पापण्या टिपत होती. टिपण्यासारखं तिथं काही नव्हतं, तरी टिपत होती, आणि आपल्यामुळे कुणाचा तरी खोळंबा झाल्यासारखी हसत होती.

खरं तर डोळे दाखवायला आला होता तो. पुष्पाबाई आली होती सोबतीला, मांडीवर डबा आणि हातात पाण्याची बाटली घेऊन. बोदवडहून सकाळच्या गाडीनं निघाल्यापासून जळगावच्या या दवाखान्याचा जिना चढेपर्यंत जीवरामनं स्वतःच्या डोळ्यांचं जे वर्णन केलं होतं, ते ऐकून गाडीच्या डब्यातल्या दोन अनोळखी बायांनी त्याला खिडकीजवळची जागा दिली होती. डोळ्यांत रेती आहे, असं साधं तो म्हणाला नाही. तापी उन्हाळ्यात आटली की तिचं पात्र जसं भाजतं तसं भाजतं, म्हणाला. परवा शिंकलो तर उजव्या डोळ्यातून धूळ उडाली आणि समोरचा माणूस खोकायला लागला, म्हणाला. बायांनी पुष्पाबाईकडे पाहिलं. पुष्पाबाईनं मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे गेल्या बेचाळीस वर्षांत कुणाला ठरवता आलेलं नव्हतं, आणि जीवरामला तशी कधी गरजही पडली नव्हती.

इथं आल्यावर मयुरीनं त्याच्या हातात एक छापील कागद दिला होता. मयुरी ही डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली डोळे तपासणारी मुलगी, सडसडीत, बोलताना पेनाचं टोपण दातांत धरणारी. कागदावर बारा प्रश्न. गेल्या आठवड्यात उजेड खुपला का, डोळ्यांत कचकच वाटली का, दुखलं का, वाचताना त्रास झाला का, वाऱ्यात झाला का. आणि प्रत्येकापुढे पाच घरं: कधीच नाही, कधीकधी, निम्मा वेळ, बहुतेक वेळ, सतत. जीवरामनं अकरा ठिकाणी 'सतत'वर खूण केली. रात्री गाडी चालवताना त्रास होतो का, या प्रश्नाशी तो जरा थांबला, कारण त्याला सायकलीपलीकडे काही चालवता येत नव्हतं. पण एक घर रिकामं सोडलं तर बाकीच्या अकरांवर संशय येईल, म्हणून तिथंही त्यानं 'सतत' केलं. मग त्याच्या पापण्यांत पट्ट्या लागल्या, पाच मिनिटं तो घशात श्वास धरून बसला, आणि मयुरीनं आकडा सांगितला: अठरा. "डोळ्यांत पाणी चांगलं आहे काका तुमच्या." जीवरामला तो शब्द लागला. चाळीस वर्षं त्यानं दुसऱ्याच्या मालात हात घालून 'ओला आहे, उतरवा' म्हटलं होतं. लोक रात्रीतून कापसावर पाणी मारून वजन वाढवायचे, आणि हा चिमूट दाबून नुसतं ओलं आहे एवढंच नाही, तर पाणी विहिरीचं की नळाचं तेही सांगायचा. मलकापूर रोडच्या एका व्यापाऱ्यानं गाडीवर इतकं पाणी मारलं होतं की कापूस ढवळताना हाताला मासा लागला, आणि तो मासा जिवंत होता, हे तो शपथेवर सांगायचा. अशा माणसाला एका पोरीनं कागद लावून ओला ठरवलं होतं.

बाकावर शेजारी दोंडाईचाचे उखर्डू नाना बसले होते, मोतीबिंदूची पट्टी एका डोळ्यावर. त्यांनी तोंड घातलं, "मन्हा कागद ते पुरा वल्ला व्हयी गया व्हता, भाऊ. अठरा काय लयी बठास!" जीवराम म्हणाला, "नाना, तुमी कांदा कापून आले असाल." नाना हसले आणि दुसऱ्या डोळ्यानं त्याला डोळा मारायला गेले, पण तो पट्टीखाली होता. त्या हसण्यानं जीवरामच्या डोक्यात जिनिंगचा जुना रिवाज उभा राहिला. व्यापारी नमुन्यावर हुज्जत घालायला लागला की जिनिंगचे मालक बन्सीलाल शेठ ओरडायचे, दुसऱ्या गाडीतला नमुना काढा. चांगल्या गाडीतला चांगला निघाला तर हात बरोबर, नाही तर हात चुकला. कागदाचंही तसंच. खरा कागद आहे की नाही ते कळायला चांगल्या मालावर लावून बघायला हवा. "हिच्या डोळ्यात लावा," तो मयुरीला म्हणाला. "हिनं बेचाळीस वर्षांत एकदा डोळा चोळला नाही. हिचा कागद भुसावळपर्यंत भिजंल, मग माझा अठरा किती खोटा ते कळंल तुम्हाला." पुष्पाबाई म्हणाली, "मले काहून? मले काय झालं?" पण बाकावर गर्दी नव्हती, मयुरीलाही गंमत वाटली, आणि आतून डॉक्टर चारुलता, चष्मा डोक्यावर सरकवलेल्या, दारात येऊन पुष्पाबाईकडे बघत म्हणाल्या, "लाव गं." त्या म्हणाल्या त्यात गंमत नव्हती, हे जीवरामला आता, दोनचा आकडा ऐकल्यावर, मागं जाऊन लक्षात आलं. त्या पुष्पाबाईच्या पापण्या मोजत होत्या. किती वेळानं मिटतात ते.

दोन. तो आकडा तोंडात घोळवत जीवराम आतल्या खोलीत गेला तेव्हा पुष्पाबाई यंत्रापुढे हनुवटी टेकून बसलेली होती. डॉक्टरांनी तिच्या डोळ्याला नारिंगी कागदाचं टोक लावलं, खोलीतला दिवा घालवला आणि निळा उजेड पाडला. भिंतीवरच्या पडद्यावर तिचा डोळा उमटला, हंड्याएवढा मोठा, हिरवट चमकणारा. जीवरामनं तो डोळा ओळखला नाही. बायकोचा डोळा एवढा जवळून बघायचा प्रसंगच आला नव्हता. घरात आई होती, पोरं होती, उजेड असायचा तेव्हा माणसं असायची. "काकू, एकदा मिटा. आता उघडा आणि तशाच उघड्या ठेवा," डॉक्टर म्हणाल्या. "पाण्याचा थर फाटायला किती सेकंद लागतात ते बघायचं. चांगल्या डोळ्यात दहापर्यंत टिकतो. काका, तुम्ही मोजा." त्यांनी मोजायला सांगितलं ते बहुधा त्याला गप्प ठेवण्यासाठी. पुष्पाबाईनं डोळा उघडला. हिरवा थर पसरला आणि लगेच त्यात काळं भोक पडलं, पापुद्रा करपावा तसं, मग दुसरं, आणि जीवराम मोजत होता, "एक दोन तीन चार पाच सहा सात," एका श्वासात, गाडी सुटायला आली असताना तिकिटं मोजावीत तसा. डॉक्टर म्हणाल्या, "काका, घाई कुणाला आहे?" मयुरी हसली. पुष्पाबाईही हनुवटीच्या पट्टीवर हसली आणि पडद्यावरचा डोळा हलला. "दोन सेकंद लिही," डॉक्टर मयुरीला म्हणाल्या. जीवरामला वाटलं होतं सातपर्यंत तरी पोचवता येईल. आयुष्यात कितीतरी माल त्यानं एखाद्या आकड्यानं वर ढकलला होता, कुणाची पोरगी लग्नाची असायची, कुणाचं तोंड उतरलेलं असायचं. हा माल ढकलला जाईना.

दिवा लागला. डॉक्टरांनी पुष्पाबाईपुढे तेच बारा प्रश्न धरले. ती चष्म्याशिवाय वाचत नव्हती, म्हणून मयुरीनं वाचले. कधीच नाही, पुष्पाबाई म्हणाली. कधीच नाही. नाही बाई. तसं काही होत नाही. टीव्ही बघते का? बघते ना, ऐकते. उजेड खुपतो का? कोनाले नही खुपत. मग सतत लिहू? नको, नको, सतत काहून लिव्हता, कधीच नाही लिहा. बारा घरांत बारा वेळा 'कधीच नाही'. मयुरीनं बेरीज केली आणि कागद डॉक्टरांपुढे ठेवला. बेरीज शून्य. जीवरामच्या कागदाची होती शंभरपैकी शंभर, सगळीच्या सगळी. दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवलेले होते, आणि डॉक्टर त्यांच्याकडे बघून खुर्चीत मागं टेकल्या. "काका, तुमच्या डोळ्यांत पाणी पुरेसं आहे. वरचा तेलाचा थर पातळ आहे, पापण्यांना गरम शेक द्या, महिन्यात बरं वाटेल. तुम्ही शंभर लिहिलं आहे त्यातलं पंधरा खरं असेल." "वीस," जीवराम सवयीनं म्हणाला. "बरं, वीस. पण काकूंचा शून्य मला वाचता येत नाही." मग त्या पुष्पाबाईकडे वळून सावकाश बोलल्या, शाळेतली बाई बोलते तशा. एक 'कधीच नाही' असं असतं की डोळा खरंच बरा आहे. ते इथं नाही, कागद कोरडा आहे, बुबुळावर जखमेचे ठिपके आहेत, उजव्यावर जास्त. दुसरं असं असतं की त्रास आहे पण बाई सांगत नाही. तिसरं असतं ते मला भीतीचं वाटतं. वर्षानुवर्षं कोरडा राहिला की डोळ्याची संवेदना जाते. मग खुपत नाही, दुखत नाही, आणि जखम खोल होत जाते तेव्हा कुणी सांगायलाच येत नाही. बुबुळ फुटल्यावर माणूस येतो, म्हणतो, बाई, अंधूक दिसतं जरा. "तुमचं दुसरं आहे की तिसरं, ते मला आज कळायला हवं. दुसरं असेल तर औषधाचे थेंब आणि शेक. तिसरं असेल तर दर आठवड्याला यायचं, कदाचित पापणीचा कोपरा शिवून डोळा अर्धा झाकायचा. उशीर झाला तर उजवा डोळा जाईल."

पुष्पाबाई म्हणाली, "यांनाच विचारा ना. यांना माहीत असते सगळं." आणि जीवरामनं तोंड उघडलं. उत्तर तयार असावं अशा आत्मविश्वासानं उघडलं, आणि ते उघडंच राहिलं.

धुळ्याला जिनिंगच्या आवारात खोल्या होत्या, पत्र्याच्या, चार एका ओळीत. लग्न होऊन पुष्पाबाई तिथं आली तेव्हा हंगाम चालू होता, आणि हवेत रुईचे तंतू असे तरंगायचे की ताटात भात वाढला की पांढऱ्यावर पांढरं काय पडलं ते कळायचं नाही. पहिल्या आठवड्यात तिनं डोळे चोळले होते. आता ते त्याला स्पष्ट दिसलं, दारात बसून, दोन्ही मनगटांनी, लहान पोरासारखे, आणि तो गंजीफ्रॉकवर उभा राहून म्हणाला होता, "सवय होते. पंधरा दिवसात सवय होते बठ्ठ्याइले." बठ्ठ्याइले, म्हणजे सगळ्यांना, हा धुळ्याकडचा शब्द त्यानं नवीनच उचलला होता आणि मिरवत होता. तिनं विचारलं होतं, "तुमाले झाली?" तो म्हणाला होता, "मले तर उलट बिगर धुळीचं दिसतच नाही. एकदा सुट्टी होती, हवा स्वच्छ झाली, तर मी भिंतीवर जाऊन आपटलो." ती हसली होती. सोळाव्या दिवशी ती डोळे चोळेनाशी झाली. त्यानं ते आपल्या यशात धरलं. बायको गुणी आहे, असं शेठला सांगितलं. मग तेजस झाला, मग धाकटी, मग बोदवडला बदली, आणि ती कधी दारात बसून डोळे चोळताना दिसली नाही, आणि तो रोज संध्याकाळी घरी येऊन त्या दिवसाच्या गाड्यांची गोष्ट सांगत राहिला, मासा, विहीर, शेठचा संताप, आणि ती पाटावर बसून, भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून ऐकायची. ते मिटलेले डोळे हीच त्याची खरी कमाई होती. समोरचा माणूस गोष्ट ऐकताना डोळे मिटतो तेव्हा गोष्ट आत उतरलेली असते, असं तो नवख्या लोकांना सांगायचा. सांगता सांगता त्याला दिसायचं, तिची पापणी कधी थरथरते, कधी शांत असते. ओलावा तो कापसात बघायचा. सरकी चावून बघायचा, आठ टक्के, नऊ टक्के, तोंडानं सांगायचा, यंत्र नंतर आलं आणि यंत्रानंही तेच सांगितलं, आणि त्याच वर्षी बहुधा, बोदवडला, ती सुईत दोरा ओवायला शेजारच्या मुलीला बोलवायला लागली होती. त्यानं विचारलं नव्हतं. चाळिशी लागली असेल, असं त्यानंच ठरवलं होतं आणि तिला बाजारातून चष्मा आणून दिला होता.

"काका?" डॉक्टर म्हणाल्या. जीवरामनं घसा साफ केला. "सांगतो," तो म्हणाला, "सांगतो," आणि खिशातून रुमाल काढून परत ठेवला. डॉक्टरांनी कापसाच्या बोळ्यातून दोन तंतू ओढले, बोटांत वळून टोक बारीक केलं. जीवरामचे हात नकळत पुढं झाले. दवाखान्याचा कापूस, धुतलेला, आखूड, बावीसच्या वर जाणार नाही, त्याला इथूनही दिसत होतं. "या टोकानं बुबुळाला हळूच शिवायचं," डॉक्टर म्हणाल्या. "संवेदना असेल तर पापणी आपोआप मिटते. काकू, समोर भिंतीकडे बघा." डाव्या डोळ्याला त्यांनी बाजूनं हात नेला, पापणी मिटली, जरा उशिरानं, पण मिटली. उजव्याला नेला. तंतूचं टोक शिवलं की नाही शिवलं तेवढ्यात पापणी मिटली. डॉक्टर थांबल्या. "हे शिवल्यामुळे मिटलं की हात येताना दिसला म्हणून?" पुष्पाबाई म्हणाली, "लागलं ना." "काय लागलं?" "तुमी लावलं ते." "कसं लागलं? टोचलं, गार लागलं, गुदगुल्या झाल्या?" पुष्पाबाईनं जीवरामकडे पाहिलं. परीक्षेत शेजारच्याच्या पाटीकडे बघावं तसं पाहिलं. "जसं लागते तसं लागलं," ती म्हणाली. डॉक्टरांनी पुन्हा केलं. या वेळी पापणी हललीच नाही, पण पुष्पाबाई म्हणाली, "लागलं."

आता जीवरामला कळलं की ती त्याची वाट बघते आहे. तो काय म्हणेल त्यावर तिला ठरवायचं आहे की लागलं की नाही. हे त्याला कुणी सांगितलं नाही, मयुरीच्या आणि डॉक्टरांच्या तर ध्यानातही आलं नसेल. पण व्यापाऱ्याची नजर शेठकडून ग्रेडरकडे, म्हणजे त्याच्याकडे, कशी वळते ते त्यानं हजारदा पाहिलं होतं. त्यानं विचारलं, "डॉक्टरीणबाई, दुसरं काय काय होतं अशा माणसाला? डोळे सोडून?" डॉक्टरांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. तोंड कोरडं पडतं, म्हणाल्या, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, बोटांचे सांधे सकाळी आखडतात. तसं असेल तर रक्त तपासायचं, तो आजारच वेगळा, अंगातलं पाणीच आटवणारा. जीवरामनं पुष्पाबाईच्या मांडीवरच्या बाटलीकडे पाहिलं. जेवताना तिच्या ताटाजवळ नेहमी दोन तांबे असतात, एक त्याचा, एक तिचा. त्याचा भरलेला राहतो. भाकरी ती वरणात कुस्करून, लापशीसारखी करून खाते. त्याला वाटायचं तिला तशीच आवडते, सुनेलाही त्यानं तसंच सांगितलं होतं, आईला अशीच आवडते. "पाणी पिते," तो म्हणाला. "घासागणिक पिते." पुष्पाबाई म्हणाली, "पाणी प्याला काय होते? उन्हाळा हाये." "हिवाळ्यात बी पिते," जीवराम म्हणाला.

डॉक्टरांनी मयुरीला नवा कागद आणायला सांगितला, पण प्रश्न छापलेला नाही, कोरा. "काकू, त्रास होतो का असं मी विचारतच नाही. मला एवढंच सांगा, कुठलं काम तुम्ही पूर्वी करायच्या आणि आता करत नाही?" पुष्पाबाईला हा प्रश्न बरा वाटला. यात तक्रार नव्हती, कामाची गोष्ट होती. ती सांगायला लागली, बोटांवर मोजत. पोथी वाचत नही, शेजारची वाचते मी ऐकते. मिरच्या कुटत नही. पंख्याखाली झोपत नही, यांना लागतो म्हणून मी भिंतीकडं तोंड करते. लग्नात होमाजवळ बसत नही. एस्टीत खिडकीला बसत नही. सकाळी उठल्याबरोबर डोळे उघडत नही, "उघडले की पापणी चिकटेल असते न, सोलल्यावानी होते, मंग मी पडल्या पडल्या थुका लावून बोटानं सोडवते." मयुरीचं पेन थांबलं. "किती वर्षं?" "आता ते काय मोजेल हाये. तेजस पाचवीत होता तवापासून. आता आता नही होत सोलल्यावानी. आता चांगलं हाये." तेजसचा मुलगा आता पाचवीत होता. "आणि हे गोष्टी सांगतात तवा मी डोळे मिटून घेते," पुष्पाबाई म्हणाली, "तेवढं बरं वाटते. यांची गोष्ट लांब राह्यते, चांगला अर्धा तास मिटायला भेटते." ती एवढं बोलली आणि त्याच्याकडे बघून, त्याला वाईट वाटेल का याचा अंदाज घेत थांबली. जीवराम म्हणाला, "म्हनजे तू ऐकत नव्हती?" "ऐकत होती ना. कान कुठं आटले." बाहेर बाकावरून उखर्डू नाना हसल्याचा आवाज आला, दार उघडंच होतं. जीवराम हसला नाही. त्याला हिशेब लागत नव्हता. गोष्ट आत उतरल्याची खूण म्हणून जे त्यानं बेचाळीस वर्षं पाहिलं, ते दुखणं होतं. आणि तरी दुखण्याला त्याच अर्ध्या तासात आराम होता. मग गोष्ट लांबवली ते चांगलं केलं की वाईट? मासा जिवंत होता, असं सांगायला दहा मिनिटं जास्त लागायची. त्या दहा मिनिटांसाठी तो आता कुणाकडून तरी पावती मागत होता, आणि देणारं कुणी नव्हतं.

"आता चांगलं आहे, असं म्हणाल्या ना," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या, "तेच मला चांगलं वाटत नाही." त्यांनी कपाटातून औषधाच्या छोट्या नळ्यांची पट्टी काढली, एका नळीत एका वेळचे थेंब. रक्ताची चिठ्ठी लिहिली. मग म्हणाल्या की दर दोन तासांनी थेंब टाकावे लागतील आणि काकूंना स्वतःच्या हातानं जमणार नाही, तेव्हा काकांनी इथंच, माझ्यासमोर एकदा टाकून दाखवावेत, हात कसा आहे ते बघू द्या. जीवरामनं मोरीत हात धुतले, दोनदा धुतले. पुष्पाबाई खुर्चीत मान मागं टाकून छताकडे बघत होती. त्यानं डावी पापणी डॉक्टरांनी दाखवली तशी बोटानं खाली ओढली. कातडी पातळ होती, ऊन होती. आत लाल अस्तर दिसलं, कोरडं, कापड वाळत घातल्यासारखं. थेंब पडला. पुष्पाबाईनं खांदे आखडले. "गार लागलं व माय," ती म्हणाली. डॉक्टरांनी मान हलवली, मयुरीनं काहीतरी लिहिलं. मग जीवराम खुर्चीला वळसा घालून उजवीकडं आला.

त्यानं डॉक्टरांनी न सांगता एक केलं. नळी समोरून आणली नाही. कपाळाच्या मागून, केसांवरून आणली, तिला हात दिसू नये अशी, आणि दुसऱ्या हातानं पापणी धरून ठेवली. हा हात चाळीस वर्षं चिमटीत तंतू धरून स्थिर राहिला होता. थेंब नळीच्या तोंडाशी फुगला, लोंबला आणि सुटला. बरोबर काळ्याच्या मधोमध पडला. त्यानं तो पडताना पाहिला, पसरताना पाहिला. डोळा तसाच उघडा छताकडे बघत राहिला. पुष्पाबाई ओठ मिटून, श्वास धरून, थेंबाची वाट बघत होती. थेंब काठापर्यंत आला, पापणीवरून ओघळला आणि गालावर उतरला. मग तिचा हात गालाकडे गेला. "गालावर काय आलं?" ती म्हणाली. "टाकला का?"

जीवरामच्या तोंडात एकदम चार गोष्टी आल्या. हात हलला, थेंब गालावरच पडला. नळीतच हवा होती. हे औषधच असं आहे, उजव्या डोळ्याला कुणालाच समजत नाही, उखर्डू नानांना विचार. चारही इतक्या चांगल्या होत्या की डॉक्टरीणबाईंनाही क्षणभर खऱ्या वाटल्या असत्या, आणि पुष्पाबाईनं मान हलवली असती. त्यानं नळी टेबलावर ठेवली.

"टाकला," तो म्हणाला. "डोळ्याच्या मधातच पडला. म्या पाह्यला पडताना. तुले समजला नही."

पुष्पाबाई छताकडेच बघत होती. बऱ्याच वेळानं तिनं एकदा पापणी मिटली, उघडली, पुन्हा मिटली, जणू आतून काही चाचपून बघत होती. मग खुर्चीच्या दांड्यावर हात टेकून ती सरळ बसली आणि मयुरीच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं.

"मंग तसं लिव्हा तिथं," ती म्हणाली. "ते कधीच नही, कधीच नही लिव्हेल हाये ना, ते खोडा."